वारसाहक्काच्या वादात वकील नेमताना

आजोबा गेल्यावर माझ्या आत्याने ज्या वकीलपत्रावर सही केली, ते थोरल्या काकांनी आणलं होतं. वकीलही त्यांनीच ठरवलेला. "घरचाच माणूस आहे, दोघांचं तोच बघेल, उगाच दुप्पट खर्च कशाला?" आत्याला ते पटलं. दीड वर्षाने तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून कोर्टातून नक्कल काढली, तेव्हा फाईलमध्ये तिच्या नावाची एक पुरशिस, म्हणजे पक्षकाराच्या वतीने कोर्टात दिलेलं लेखी निवेदन, सापडली. राहत्या घरात मला हिस्सा नको, असं त्यात लिहिलेलं. खाली तिच्या वकिलाची सही. म्हणजे काकांच्या वकिलाची.

ती पुरशिस पुढे बाजूला सारता आली, पण त्यात दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी तिच्यासोबत कोर्टाच्या पायऱ्या चढलो-उतरलो, आणि जे शिकलो ते पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी लिहितो आहे. मी वकील नाही. इथे लिहिलेलं महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टांना धरून आहे, आणि वारसांचा भाग मुख्यतः हिंदू वारसा कायदा १९५६ लागू असलेल्या कुटुंबांसाठी आहे. त्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा व्यक्तिगत कायदा लागतो, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना १९२५चा भारतीय वारसा कायदा. वकील कसा निवडायचा, हे मात्र सगळ्यांना सारखंच.

पहिली पायरी : भांडण नक्की कशाचं आहे?

लोक आधी वकील शोधतात आणि मग त्याला विचारतात, "आमचं काय होईल?" उलट करा. तुमचं भांडण कोणत्या जातीचं आहे ते आधी ढोबळमानाने ओळखा, कारण त्यावर कोर्ट ठरतं आणि कोर्टावरून वकील.

काही वेळा भांडण नसतंच, फक्त कागद अडलेला असतो. बँक, म्युच्युअल फंड किंवा शेअर्सचे पैसे काढायला संस्था दाखला मागते. त्यासाठी १९२५च्या कायद्याखाली उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळतं, म्हणजे ज्याला सगळे 'सक्सेशन सर्टिफिकेट' म्हणतात ते. ते येणी आणि रोख्यांसाठी असतं, जमीन-घरासाठी नाही. स्थावर मालमत्तेसाठी आपल्याकडे अजूनही १८२७च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली वारस दाखला काढतात. जवळपास दोनशे वर्षांचा कायदा, पण चालू आहे. कुणाचीही हरकत नसेल तर ही कामं साधी असतात. त्यांना नावाजलेला, महागडा वकील लागत नाही.

मृत्युपत्र निघालं आणि ते कुणाला मान्य नाही, हा दुसरा प्रकार. इथे प्रश्न मृत्युपत्र खरं आहे का, एवढाच असतो. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावरचंही चालतं. मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि वाद झाला तर त्यातल्या किमान एकाला, तो हयात असेल आणि येऊ शकत असेल तर, कोर्टात येऊन सांगावं लागतं. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र अभेद्य, हाही गैरसमजच. वडील अंथरुणाला खिळलेले, मृत्युपत्र ज्याला सगळं मिळालं त्यानेच करून आणलेलं, बायकोचा उल्लेखसुद्धा नाही, अशा संशयास्पद परिस्थितीत शंका दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. अशा प्रकरणाला उलटतपास घेता येणारा वकील हवा. फक्त कागद तयार करणारा पुरणार नाही.

तिसरा आणि सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे वाटपाचा दावा. मृत्युपत्र नाही, हिस्से कायद्याने ठरलेले आहेत, पण ज्याच्या ताब्यात आहे तो सोडत नाही.

चौथा : हयातीतच कुणीतरी बक्षीसपत्र, खरेदीखत किंवा हक्कसोडपत्र करून घेतलंय आणि ते रद्द करायचंय. हा प्रकार वेगळा धरतो, कारण यात मुदत फार लवकर संपते. त्याबद्दल पुढे.

आणखी एक ओळखायचं असतं, ते म्हणजे महसूल खात्यातलं भांडण. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस नोंद टाकताना बहिणींची नावं वगळली, म्हणून हरकत घेतली आणि प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडे, तिथून प्रांताधिकाऱ्याकडे अपिलात गेलं. ही लढाई लढावीच, पण ती जिंकून मालकी मिळत नाही. सातबारावर किंवा फेरफारात (म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीतल्या बदलात) नाव लागणं म्हणजे मालकी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. मालकी दिवाणी कोर्ट ठरवतं. कित्येकजण पाच-सहा वर्षं फेरफाराच्याच मागे असतात, आणि त्यांना वाटत असतं की आपला दावा चालू आहे.

दुसरी पायरी : वंशावळ आणि कागद

वकिलाकडे जाण्याआधी एका कागदावर वंशावळ काढा. मयत व्यक्ती, मृत्यूची तारीख, आणि खाली सगळे वारस. सगळे म्हणजे सगळे, बोलणं तुटलेलेही.

बहुतेक घरांत ही वंशावळ चुकते. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि त्याची आई हे सगळे एकाच वेळी आणि सारख्या हिश्शाने येतात. आईला लोक हमखास विसरतात. ती नंतर वारली असेल तर तिचा हिस्सा तिच्या वारसांकडे जातो, म्हणजे तिच्या लेकींकडेही. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही या यादीत असतात. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत, ते दुसऱ्यात येतात. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. बाई गेली असेल तर नियम वेगळे आहेत : आधी मुलं आणि नवरा, आणि हे कुणीच नसतील तर नवऱ्याचे वारस. पण तिला आईवडिलांकडून वारसाने आलेली मालमत्ता, तिला मूलबाळ नसेल तर, तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जाते. ती मालमत्ता तिच्याकडे कुठून आली, हे वकिलाने पहिल्याच भेटीत विचारायला हवं.

मग येतो तो शब्द : वडिलोपार्जित. घरात आपण आजोबांपासून आलेल्या प्रत्येक गोष्टीला वडिलोपार्जित म्हणतो. कोर्टात त्याचा अर्थ बराच अरुंद आहे, कारण १९५६नंतर वडिलांना त्यांच्या वडिलांकडून त्या कायद्याच्या कलम ८ने वारसा म्हणून जे आलं, ते सर्वसाधारणपणे त्यांची स्वतःची मालमत्ता धरली जाते. त्यावर नातवाचा जन्मतः हक्क नसतो, आणि ती मृत्युपत्राने कुणालाही देता येते. खरोखर एकत्र कुटुंबाची मालमत्ता असेल तर ९ सप्टेंबर २००५च्या दुरुस्तीपासून मुलगीही मुलासारखीच जन्मतः सहदायाद, म्हणजे बरोबरीची हिस्सेदार, आहे. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२०ला स्पष्ट केलं. पण २० डिसेंबर २००४च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालेलं असेल, तर ते उकरून काढता येत नाही. म्हणूनच काही भाऊ अचानक "आमचं वाटप तेव्हाच तोंडी झालं होतं" म्हणायला लागतात. नुसत्या तोंडी वाटपाचा बचाव कोर्ट सहज मान्य करत नाही.

आता कागद. मृत्यूचा दाखला. सातबारा, आठ-अ, आणि फक्त आजचे नाहीत, तर मयताचं नाव ज्या फेरफाराने लागलं तिथपर्यंतचे सगळे जुने फेरफार. शहरात मालमत्ता पत्रक, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, कर आकारणीचा उतारा. खरेदीखत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची दोन (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा, 'इंडेक्स टू') शोधता येते. गेल्या काही वर्षांत त्या मिळकतीवर कुणी गुपचूप दस्त केलाय का, हे तिथे कळतं. आमच्या बाबतीत एक बक्षीसपत्र असंच सापडलं, रविवारी दुपारी घरबसल्या. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी यांचे जे तपशील मिळतील ते.

नामनिर्देशनाबद्दलही सांगून टाकतो, कारण याच्यावरून सख्खी भावंडं पोलीस ठाण्यापर्यंत जातात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये ते स्वच्छ सांगितलं : नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, वाटणी वारसा कायद्याने होते. सोसायटीतल्या घराचंही सूत्र हेच. विम्यात जोडीदार, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर २०१५च्या दुरुस्तीने वेगळा मुद्दा येतो. तो वकिलालाच विचारा.

मूळ कागद कुणाला देऊ नका. वकिलालाही नाही, कोर्टात दाखल करायची वेळ येईपर्यंत.

तिसरी पायरी : मुदत बघा

एखादा दस्त रद्द करून मागायचा असेल तर साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती त्या दस्ताची खरी हकीकत तुम्हाला कळल्या दिवसापासून मोजली जाते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून डावललं गेल्यास, डावलल्याचं कळल्यापासून बारा वर्षं. तेव्हा "मला हे कधी कळलं?" याचं खरं उत्तर वकिलाला सांगा. ते गैरसोयीचं असलं तरी. कारण समोरचा वकील उलटतपासात तेच विचारणार आहे, आणि व्हॉट्सॲपवरचे कुटुंबाच्या ग्रुपमधले संदेश त्याच्या हातात असणार आहेत.

मिळकत विकली जाण्याची भीती असेल तर दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज टाकावा लागतो. उलट, समोरचाच आधी कोर्टात जाऊन तुमच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम आणेल अशी शंका असेल, तर कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, टाकून ठेवता येतं. ते नव्वद दिवस टिकतं, मग नवं टाकायचं.

चौथी पायरी : वकील कुठे शोधायचा

स्थावर मिळकतीचा दावा ती जिथे आहे तिथल्या कोर्टात चालतो. तुम्ही नोकरीच्या गावी राहत असाल आणि जमीन तालुक्याच्या गावी असेल, तर तुमच्या इमारतीतला हुशार वकील फारसा उपयोगाचा नाही. त्या कोर्टात रोज उभा राहणारा हवा. वेगवेगळ्या तालुक्यांत मिळकती असतील तर त्यांपैकी एका कोर्टात एकत्र दावा करता येतो. कोणत्या, हा वकिलाशी बोलायचा मुद्दा.

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. बार कौन्सिलचा नियमच आहे. त्यामुळे संकेतस्थळावर 'हमखास यश' असं लिहिलेलं दिसलं तर पुढे जा. त्यापेक्षा एक दिवस मोडा आणि त्या कोर्टात जाऊन बसा. दिवाणी कोर्ट सगळ्यांसाठी खुलं असतं. वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या दालनात सकाळी अकरापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत मागच्या बाकावर बसा. कोण स्वतः उभं राहून साक्षीदार तपासतंय, कोण ज्युनियरला पाठवून नुसती मुदत मागतंय, कुणाला न्यायाधीश शांतपणे ऐकून घेतात, हे तीन तासांत कळतं. आत्याचा दुसरा वकील आम्हाला असाच मिळाला. बाई होत्या, चाळिशीच्या, आवाज हळू, पण साक्षीदाराला विचारलेला प्रत्येक प्रश्न समोरच्या कागदाशी जोडलेला.

दस्तलेखक, मुद्रांक विक्रेते, तहसील कार्यालयाच्या आवारातले लोक, ज्यांची वाटपाची प्रकरणं निकाली निघाली आहेत असे शेजारी, यांनाही विचारा. नातेवाइकांना विचारू नका. चांगल्या मनाने नाव सुचवणारा मामा उद्या समोरच्या बाजूचा साक्षीदार निघतो.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीत जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय मदतवाहिनी १५१०० आहे. 'फुकटचा वकील म्हणजे वाईट' असं कुणी म्हटलं तर ऐकून सोडून द्या. मी त्या यादीतले उत्तम वकील पाहिलेत, आणि भरपूर पैसे घेणारे सुमारही.

पाचवी पायरी : पहिली भेट

किमान दोन वकिलांना भेटा, आणि दोघांना तीच वंशावळ, तेच कागद दाखवा.

पहिला प्रश्न तुमचा नव्हे, त्यांचा असला पाहिजे : समोरच्या बाजूला कोण आहे? त्यांनी याआधी तुमच्या भावाला सल्ला दिलेला असेल, त्याचा दस्त केलेला असेल, तर त्यांनी तुमचं प्रकरण घेऊ नये. एका बाजूला सल्ला दिल्यावर त्याच वादात दुसऱ्या बाजूने उभं राहता येत नाही. मृत्युपत्र ज्यांनी तयार केलं त्या वकिलांनाही वाद झाल्यास साक्षीला यावं लागण्याची शक्यता असते, आणि जिथे आपण साक्षीदार होऊ असं दिसतं ते प्रकरण वकिलाने घ्यायचं नसतं. घरचा वकील नको म्हणतो तो यासाठी. तो वाईट माणूस असतो असं नाही. तो आधीच कुणाचा तरी असतो.

चार भावंडं एका बाजूला असलात तरी थोडं थांबा. तिघी बहिणी मिळून एका भावाविरुद्ध दावा करताहेत, इथपर्यंत एक वकील ठीक. पण त्यांतल्या एकीला घर हवंय आणि दोघींना पैसे, असं असेल तर वाटपाच्या टप्प्याला त्यांचे मार्ग फुटणार. तेव्हा काय करायचं हे आजच बोला.

मग तुमचे प्रश्न. माझ्या मते सगळ्यात उपयोगी हा : "आमच्या बाजूत कच्चं काय आहे?" ज्यांना उत्तर सुचत नाही, किंवा जे "काही नाही हो, उघडं प्रकरण आहे" म्हणतात, त्यांच्याकडे परत जाऊ नका. आमच्या बाई दहा मिनिटं कागद वाचून म्हणाल्या, "तुमच्या आत्यांनी १९९८च्या फेरफाराला हरकत घेतलेली नाही. त्यांना नोटीस मिळाली होती का, हे आधी शोधू." आम्ही ते पानसुद्धा उलटलं नव्हतं.

त्याशिवाय हे विचारा. सगळ्या मिळकती आणि सगळे सहहिस्सेदार दाव्यात आले का? एखादी मिळकत किंवा बहीण सुटली तर त्याच मुद्द्यावर दावा अडतो. मृत्युपत्र असेल तर आमच्या प्रकरणात प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) लागेल का, की त्याशिवाय पुढे जाता येईल? दावा दाखल झाल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची का? तिला नोटीस ऑफ लिस पेंडन्स म्हणतात. मुंबईतल्या मिळकतीबाबत ती न नोंदवल्याने दावा चालू असताना घर घेणारा सुटू शकतो. आणि एक व्यवहारी प्रश्न : तारखेला तुम्ही स्वतः याल की सहकारी? सहकारी यायला हरकत नाही, फक्त साक्षीपुरावा आणि युक्तिवादाला कोण, हे आधी कळू दे.

एखाद्या ज्येष्ठ वकिलांचं नाव घेऊन भारावून टाकणारे भेटतात. 'सीनियर' म्हणून नियुक्त झालेले वकील स्वतः वकीलपत्र दाखल करत नाहीत, त्यांना दुसऱ्या वकिलामार्फत उभं करावं लागतं. तालुक्याच्या वाटपाच्या दाव्यात त्याची गरज क्वचितच पडते.

सहावी पायरी : पैसे

"जिंकलात तर दहा टक्के द्या, नाहीतर काही नको." ऐकायला गोड, पण हे बेकायदेशीर आहे. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. जो वकील पहिल्याच दिवशी स्वतःचा नियम मोडतो, त्याच्याकडून तुमच्या बाबतीत नियम पाळण्याची अपेक्षा कशी ठेवणार?

फी साधारण तीन प्रकारे ठरते : एकरकमी, टप्प्याटप्प्याने, किंवा तारखेप्रमाणे. वाटपाच्या दाव्यात तारखेप्रमाणे ठरवणं मला पटत नाही. तारखा वाढण्यातच मग एकाचा फायदा होतो. टप्पे बरे : दावा दाखल, मनाई अर्जाचा निर्णय, साक्षीपुरावा, युक्तिवाद. अपील आणि पुढची दरखास्त (निकालाची अंमलबजावणी) यात धरलीय का, हे वेगळं विचारा. टायपिंग, झेरॉक्स, नकला, कोर्ट कमिशनरचा खर्च फीत येतो की वेगळा, हेही. कोर्ट फी स्टँप हा सरकारचा पैसा, वकिलाचा नव्हे. महाराष्ट्रात १९९४पासून स्त्रियांना मालमत्तेच्या वादांसह काही प्रकारच्या प्रकरणांत कोर्ट फीतून सूट आहे. ती तुमच्या प्रकारच्या दाव्याला लागू होते का, हे बहिणीने, आईने आवर्जून विचारावं. वकील आपणहून सांगेलच असं नाही.

ठरलेलं सगळं एका पानावर लिहून घ्या, दोघांच्या सह्या. पैसे बँकेतून द्या. हे करताना संकोच वाटतो, मलाही वाटला होता. आमच्या बाईंनीच छापील नमुना काढून पुढे ठेवला.

सातवी पायरी : वकीलपत्र

छापील वकीलपत्र चार ओळींचं नसतं. बारीक अक्षरांत त्यात तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा, पैसे स्वीकारण्याचा अधिकार दिलेला असतो. आत्याने तेच वाचलं नव्हतं. तडजोड, माघार आणि कोणत्याही हिश्शाची कबुली माझ्या लेखी संमतीशिवाय नाही, असं त्यावर हाताने लिहून सही करता येतं. चांगला वकील याला हरकत घेत नाही. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टँपवर सही, मग ती 'तातडीच्या अर्जासाठी' का असेना, कधीच करायची नाही. भरलेल्या वकीलपत्राचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवा.

वकिलाची सनद (वकिलीचा परवाना) बघायला मागितली तर ते चिडणार नाहीत. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा क्रमांक बहुधा वकीलपत्रावरच असतो.

आठवी पायरी : नेमल्यानंतर

दावा दाखल झाला की त्याला अक्षरं आणि अंक मिळून सोळा जागांचा सीएनआर क्रमांक मिळतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, आदेश, कशासाठी नेमलंय, सगळं दिसतं. त्यामुळे "काय झालं हो आज?" म्हणून दर वेळी फोन करावा लागत नाही, आणि वकील खरं सांगतोय का हेही कळतं. तीन-चार महिन्यांतून एकदा नक्कल काढून स्वतःची फाईल पूर्ण ठेवा. तुमच्या नावाने दाखल झालेला प्रत्येक कागद तुम्ही वाचलेला असला पाहिजे.

वाटपाचा निकाल दोन टप्प्यांत लागतो. प्राथमिक हुकूमनाम्यात कुणाचा किती हिस्सा ते ठरतं, आणि लोक पेढे वाटतात. प्रत्यक्षात जमिनीवर रेघ मारायची बाकी असते. शेतजमीन असेल तर हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, मोजणी होते, सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा चांगला-वाईट कस बघून, वाटप होतं. घर असेल तर कमिशनर येतो, आणि भाग पडत नसतील तर विक्री किंवा एकाने दुसऱ्याला पैसे देणं. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर फी संपली असं समजणारा वकील असेल, तर हा टप्पा वर्षानुवर्षं लोंबकळतो. म्हणून सहाव्या पायरीत तो प्रश्न.

मध्येच कोर्ट मध्यस्थीला पाठवेल. जा. एकदा तरी मनापासून जा. लोक अदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तडजोडीचा मसुदा घरी आणून, दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने वाचून मगच सही करा. आणि तो मान्य करताना सहहिस्सेदारांचा पहिला खरेदी हक्क लक्षात ठेवा : पहिल्या वर्गाच्या वारसांना एकत्र आलेल्या मिळकतीतला हिस्सा कुणी विकत असेल, तर बाकीच्यांना आधी मागण्याचा अधिकार हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ने दिलाय.

वकील बदलायची वेळ आली तर

आत्याला बदलावा लागला, म्हणून सांगतो. नवा वकील सहसा जुन्याची 'ना हरकत' मागतो, वकीलपत्रावरच त्याची सही घेण्याचा प्रघात आहे. जुना देत नसेल तर कोर्टाला अर्ज करून त्याचं वकीलपत्र रद्द करण्याची परवानगी घेता येते. फी थकली आहे म्हणून त्याला तुमची फाईल अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे ठरवून दिलंय. फीसाठी त्याने वेगळा दावा करावा, कागद परत द्यायचेच.

गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे, अधिवक्ता कायदा १९६१च्या कलम ३५खाली. ग्राहक आयोगात मात्र आता जाता येत नाही, मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर काढल्या. तक्रार करायची की नाही, हा विचार आम्ही खूप केला. आत्या शेवटी म्हणाली, "मला घरातला हिस्सा हवाय, त्याची सनद नको." आम्ही जुन्या कार्यालयातून फाईल आणली, पोचपावती दिली, आणि नव्या वकीलपत्रावर तिने तडजोडीची ओळ स्वतःच्या हाताने खोडली.